आवाजाची पेटी कोणाच्या हाती?



गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. ‘ताई, आम्हाला आमचा आवाजाचा कार्यक्रम मोबाईलवर ठेवायचाय. माईक कोणता घ्यावा? वेबसाईट कशी करावी?’ अशा कार्यक्रमाला पॉडकास्ट म्हणतात. रेडिओसारखाच, पण ऐकणारीला सवड मिळेल तेव्हा ऐकायचा. याचं उत्तर आज आपण इतिहासात शोधू. आवाज साठवायची यंत्रं बदलत गेली, आणि त्याबरोबर ती कोणाच्या हातात आहेत हेही बदलत गेलं. खरेदीला निघताना हे ठाऊक असलेलं बरं.

1902 सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जान या गायिकेचा आवाज तबकडीवर उतरवला गेला. कंपनी परदेशी, यंत्र परदेशी. भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आणि तेही जेमतेम तीन मिनिटं. तासभर रंगणारं गाणं तीन मिनिटांत बसवावं लागलं, कारण तबकडी तेवढीच होती. पण गाणं संपताच त्या स्वतःचं नाव मोठ्यानं सांगत. तबकड्या जर्मनीत तयार होत, तिथल्या लोकांना गाणारी कोण हे कळावं म्हणून. यातून पहिला धडा घ्या. ध्वनिमुद्रण सुरू करताना बोलणारीचं नाव, गाव, बोली आणि तारीख तिच्याच तोंडून घ्या. मशीन कितीही भारी असो, नाव नसलेला आवाज वीस वर्षांनी बेवारस होतो.

पुढं 1927 साली मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं. 1956 साली आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुण्याभोवतालच्या पाच जिल्ह्यांत, दीडशे गावांत, शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग चर्चा करत, प्रश्न कळवत. प्रयोग नावाजला गेला. तरी माईक शहरात होता आणि गावाकडे ऐकायची पेटी होती.

ध्वनिलहरींवर सरकारचीच मालकी, ही समजूत 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयानं मोडली. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा तो निकाल. तरी स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळायला 2006 साल उजाडलं.

शेजारच्या तेलंगणातल्या माचनूर गावच्या दलित बाया तोवर थांबल्या नाहीत. त्यांची रेडिओची इमारत 1998 मध्येच उभी होती, परवाना मात्र नव्हता. दहा वर्षं त्यांनी कार्यक्रम कॅसेटवर भरले आणि गटांच्या बैठकांत वाजवले. 15 ऑक्टोबर 2008 रोजी, ग्रामीण महिला दिनी, त्यांचं ‘संघम रेडिओ’ हवेत गेलं. याच संघातल्या बाया कॅमेराही चालवतात. चित्र कोणत्या कोनातून घेतलं, यावरून त्यांनी त्याला आपली नावं दिली.  डोळ्याला डोळा भिडवून घेतलेलं, ते ‘संघम शॉट’. माईकचंही तसंच आहे. म्हातारीला खाली बसवून वरून माईक धरू नका. तिच्या शेजारी बसा.

आपल्याकडे त्याच 2008 साली सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. माण तालुक्याच्या माळावर रेडिओ चांगला पोचतो. आपल्या सातपुड्यात अडचण वेगळी. सामुदायिक रेडिओचं प्रक्षेपण कमी ताकदीचं, मनोरा तीस मीटरपर्यंतचा, आणि या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडल्या. काठीहून निघालेला आवाज पलीकडच्या दरीत उतरेल याचा भरवसा नाही. इंटरनेटवर कार्यक्रम ठेवायला लहरींचा परवाना लागत नाही, आणि डोंगरही आडवा येत नाही. आडवी येते ती रेंज.

म्हणून निवड करताना आपल्या गावापासून सुरुवात करा. काठी हे अक्कलकुवा तालुक्यातलं, एकेकाळच्या मेहवासी संस्थानाचं गाव. इथल्या राजवाडी होळीला मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे नि घुंगरू बांधून लोक येतात, ढोल रात्रभर वाजतात. दरवर्षी बाहेरचे कॅमेरे येतात, भरून घेतात आणि निघून जातात. ग्रिअर्सन यांच्या भाषा पाहणीत भिल्ली नि खानदेशी बोलींना 1907 साली स्वतंत्र ग्रंथ मिळाला, पण कागदावर अक्षर राहतं, गळा राहत नाही. देहवाली आणि पावरीतली गाणी ज्यांना येतात त्या आज्या आज आहेत. त्यांचा आवाज गावाकडेच राहावा, हा आपला मुद्दा.

आता खरेदी. सुरुवातीला हातातला मोबाईल पुरे. त्याला पदराला लावायचा चिमट्याचा माईक जोडा. वाऱ्यासाठी त्यावर स्पंजची टोपी हवीच, नाहीतर डोंगरावरचा वारा सगळं खाऊन टाकतो. माईक तोंडापासून वीतभर. ढोलाचं ध्वनिमुद्रण करताना मात्र लांब उभ्या राहा आणि आवाजाची पातळी कमी ठेवा. एकदा आवाज फाटला की तो नंतर दुरुस्त होत नाही. मुलाखत पत्र्याच्या घरात नको, आवाज घुमतो. मातीच्या घरात, दोरीवर गोधड्या टाकून बसा. तोच आपला स्टुडिओ. पॉवर बँक भरलेली ठेवा.

काटछाट करायला ‘ऑडॅसिटी’ हा संगणकावरचा प्रोग्रॅम 2000 सालापासून फुकट मिळतो. मूळ ध्वनिमुद्रण ‘वेव्ह’ प्रकारात जपा; ते मिनिटाला साधारण पाच एमबी जागा घेतं. लोकांना द्यायची प्रत ‘एमपी थ्री’ करा. बोलण्यासाठी मिनिटाला अर्धा एमबी पुरतो, म्हणजे पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सात-आठ एमबीत बसतो. रेंज कमी असलेल्या मैत्रिणीला हा फरक फार मोठा.

वेबसाईटचं गणितही समजून घ्या. पॉडकास्ट हा शब्द 2004 सालचा. त्याच्या मुळाशी एक साधी यादी असते, तिला फीड म्हणतात. कोणता भाग कुठं ठेवलाय, हे तीत लिहिलेलं असतं. ऐकायची ॲपं ती यादी वाचतात. ॲप बंद पडलं तरी यादी आपली असेल तर कार्यक्रम टिकतो. 2024 साली ‘गूगल पॉडकास्ट्स’ बंद झालं, पण ज्यांची फीड आपल्या ताब्यात होती त्यांचे भाग दुसऱ्या ॲपवर ऐकू येत राहिले. म्हणून कोणतीही सेवा घेताना तीन गोष्टी विचारा. आमची फीड दुसरीकडे नेता येईल का? सगळे भाग परत उतरवून घेता येतील का? वर्षाचा खर्च किती? वेबसाईटचं नाव गटाच्या नावावर घ्या. पासवर्ड एकाच पोराच्या मोबाईलमध्ये नको. गटाच्या वहीत लिहा, आणि वही कुलपात ठेवा. बचतीचा हिशेब जसा दोघी-तिघी बघतात, तसंच हेही.

ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांचं काय? छत्तीसगडमध्ये 2010 साली ‘सीजीनेट स्वरा’नं साध्या फोनवर उत्तर शोधलं. मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन आला की बोलायचं किंवा ऐकायचं. आपण निदान कार्ड भरून बाजाराच्या दिवशी भाग वाटू शकतो. माचनूरच्या बायांनी कॅसेटवर हेच केलं होतं.

एक काम यंत्राआधीचं आहे. आजीला विचारा, हे गाणं सगळ्या जगानं ऐकलं तर चालेल का. काही गाणी ठरावीक दिवशी, ठरावीक लोकांतच म्हणायची असतात. ती नको म्हणाली तर ते ध्वनिमुद्रण वेबसाईटवर जाणार नाही, हे आधीच ठरवा. होकार मिळाला तर तिच्या आवाजाच्या तीन प्रती ठेवा: एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीच्या घरी.

पुढच्या बैठकीत गटानं माईकची किंमत विचारण्याआधी एक यादी करावी. गावात गाणाऱ्या, गोष्ट सांगणाऱ्या, जडीबुटी ओळखणाऱ्या म्हाताऱ्या किती, आणि त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर कोण? पहिलं ध्वनिमुद्रण तिचं करा.