ग्रंथालयातला लेखशोध सुधारला, पण मराठी लेख अजून का निसटतो?

ग्रंथालयाच्या तालिकेला पुस्तक माहीत असते, लेख माहीत नसतो. एखादे त्रैमासिक ग्रंथालयात कोणत्या वर्षापासून येते आणि त्याचे बांधीव खंड कोणत्या कपाटात आहेत, हे तालिका सांगते. १९३५ च्या अंकात सावकारी कर्जावर कोणी काय लिहिले, हे सांगत नाही. त्यासाठी पूर्वी खंडाच्या शेवटी छापलेली वार्षिक अनुक्रमणिका चाळावी लागे, किंवा कोणीतरी कष्टाने केलेल्या सूचीचा आधार घ्यावा लागे. शंकर गणेश दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘मराठी नियतकालिकांची सूची’ १८०० ते १९५० या काळासाठी आजही अभ्यासकांच्या हाताशी असते.

ऑनलाइन लेखशोधाने हे चित्र बदलले. पुण्यात त्याचा फायदा स्पष्ट दिसतो, आणि त्याची मर्यादाही.

एकच चौकट, अनेक साठे

सुरुवातीच्या ऑनलाइन व्यवस्थेत प्रत्येक प्रकाशकाचे संकेतस्थळ वेगळे होते. एकच शब्द पाच ठिकाणी टाकावा लागे. त्यावर उपाय म्हणून आलेली पहिली पद्धत वाचकाचा प्रश्न त्याच क्षणी सगळ्या साठ्यांकडे पाठवत असे आणि उत्तरांची वाट पाहत असे. सर्वांत मंद साठा जितका वेळ घेई, तितका वेळ वाचकाचाही जाई. आताच्या ‘डिस्कव्हरी’ प्रणाली उलट क्रमाने चालतात. प्रकाशकांकडून लेखांची शीर्षके, लेखक, सारांश आणि शक्य तिथे पूर्ण मजकूर आधीच गोळा करून एक मोठी शब्दसूची तयार ठेवली जाते. शोध त्या सूचीत होतो, म्हणून उत्तर क्षणात येते.

कोणता लेख वर दाखवायचा, हे ठरवण्यामागे १९७२ साली कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेने मांडलेली एक साधी कल्पना अजूनही काम करते: जो शब्द कमी लेखांत येतो, त्याचे वजन जास्त. ‘आणि’ सगळीकडे असतो, म्हणून त्याला जवळजवळ किंमत नाही. ‘तगाई’ मोजक्या लेखांत असतो, म्हणून तो निकाल ठरवतो.

लेख सापडला तरी तो उघडायला हवा. २००० सालापासून लेखांना डीओआय हा कायमचा क्रमांक मिळू लागला, त्यामुळे प्रकाशकाचा पत्ता बदलला तरी दुवा तुटत नाही. आवारातल्या संगणकावरच लेख उघडण्याचे बंधनही सैल झाले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘इन्फेड’ व्यवस्थेमुळे विद्यार्थी आपल्या संस्थेच्या खात्याने घरून लेख वाचू शकतो.

सर्वांत मोठा बदल पैशांच्या बाजूने झाला. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्था, असा तिचा आवाका आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या राज्य विद्यापीठांपासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या केंद्रीय संस्थांपर्यंत अनेकांसाठी ती आहे. पण दार संस्थेच्या ओळखपत्रानेच उघडते. सदाशिव पेठेत घरी बसून इतिहासावर काम करणाऱ्या निवृत्त शिक्षकाला शोधाच्या यादीत लेख दिसतो, उघडता येत नाही.

पुण्याचे इंग्रजी लेख जगभर

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे ‘अ‍ॅनल्स’ आणि डेक्कन कॉलेजचे ‘बुलेटिन’ ही दोन जुनी पुणेरी नियतकालिके ‘जेस्टोर’ या साठ्यात आहेत. म्हणजे टोकियोतला संस्कृतचा अभ्यासकही त्यांत शब्दाने शोध घेऊ शकतो. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा वारसा १९०५ साली स्थापन झालेल्या भारत सेवक समाजापर्यंत जातो. या ग्रंथालयाने आपल्याकडची जुनी पुस्तके आणि अहवाल स्कॅन करून ‘डीस्पेस’ या मुक्त प्रणालीवर खुले ठेवले आहेत, तिथे ओळखपत्र लागत नाही. संस्थात्मक साठ्यांसाठी जगभर वापरली जाणारी ही प्रणाली २००२ साली अमेरिकेत एमआयटी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी आणली. २०२१ मधल्या तिच्या सातव्या आवृत्तीत वाचकाला दिसणारी बाजू नव्याने बांधली गेली.

हे सारे इंग्रजीत नीट चालते. मराठीत चौकट तीच, यंत्र तेच, आणि तरीही ‘एकही निकाल नाही’ असे उत्तर येऊ शकते.

‘शेतकरी’ शोधला तर

समजा, एखादी विद्यार्थिनी ‘शेतकरी कर्ज’ असे टाइप करते. लेखाचे शीर्षक आहे ‘शेतकऱ्यांच्या कर्जाचा प्रश्न’. माणसाला हे एकच वाटते. यंत्राला मात्र एकही शब्द जुळत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतो आणि चिकटण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते: पाणी, पाण्याचा, पुणे, पुण्यात. त्यामुळे नुसती शेपटी छाटून भागत नाही, मूळ शब्दही परत घडवावा लागतो. इंग्रजीसाठी अशी छाटणी करणारी साधने कित्येक दशके वापरात आहेत. मराठीसाठी ती वेगळी जोडावी लागतात आणि बसवलेल्या प्रणालीत ती आयती नसली तर बहुधा कोणी जोडत नाही.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यां’मधला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यात साधा र आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. ‘अ‍ॅ’ आणि ‘ॲ’ यांचेही तसेच. शोधयंत्राने दोन्ही रूपे आधी एकसारखी करून घेतली नाहीत, तर एका कळफलकावरून लिहिलेला लेख दुसऱ्या कळफलकावरून सापडत नाही. ही दुरुस्ती काही ओळींच्या सूचनांत होते, म्हणूनच ती न झालेली पाहणे जास्त खटकते.

तिसरी अडचण शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम येण्यापूर्वीच्या मजकुरात ‘कांहीं’, ‘शेतकऱ्यांचें’, ‘नाहीं’ असे अनुस्वार सर्रास असतात. आजचा वाचक ते टाइप करणार नाही. शहराचे नावही जुन्या इंग्रजी लेखांत ‘पूना’ आहे. चांगली प्रणाली अशा जोड्यांची यादी बाळगते आणि एक शब्द विचारला की दुसराही पाहते.

स्कॅन केलेल्या पानांत आणखी एक पायरी येते. चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करण्याला ओसीआर म्हणतात. देवनागरी ओसीआर गेल्या काही वर्षांत खूप सुधारले. तरी खिळ्यांच्या छपाईत शाई पसरलेली असेल, तर घ चा ध होतो, जोडाक्षर फुटते आणि अनुस्वार म्हणजे कागदावरचा डाग ठरतो. स्कॅन पाहणाऱ्याला पान स्वच्छ दिसते, चुका आतल्या मजकुरात दडलेल्या असतात.

गंमत अशी की १९९० च्या दशकात संगणकावरच जुळवलेले अंक काही वेळा याहून अवघड जातात. तेव्हा प्रत्येक फॉन्टची आपली स्वतंत्र सांकेतिक मांडणी होती. अशा पीडीएफमध्ये पडद्यावर ‘शेतकरी’ दिसते, आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी असते. युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय तो लेख शोधापुरता अस्तित्वातच नसतो.

उपाय आणि त्यांची किंमत

एक सोपा तोडगा म्हणजे शब्दाचे तीन-तीन अक्षरी तुकडे करून जुळवणे. मग ‘शेतकरी’ आणि ‘शेतकऱ्यांच्या’ यांचा ‘शेतक’ हा भाग जुळतो. पण तुकडे लहान केले की ‘कर’ शोधणाऱ्याला प्राप्तिकरासोबत शेतकरी आणि आडनावांतले सगळे ‘कर’ही मिळतात. अर्थाच्या जवळिकीवर चालणारा नवा शोध शब्द वेगळा असला तरी विषय ओळखतो. मात्र ओसीआरने बिघडवलेल्या मजकुराचा अर्थ त्यालाही नीट लागत नाही. नुसता यंत्राने काढलेला सारांश न देता मूळ पानाचे चित्र शेजारी दाखवणारी प्रणाली म्हणूनच अधिक भरवशाची.

सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे: प्रत्येक लेखाचे शीर्षक, लेखक, वर्ष आणि विषय माणसाने नोंदवणे, शीर्षक देवनागरीसोबत रोमन लिपीतही देणे. हे काम वेळखाऊ आहे आणि ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात त्याला संगणकाइतके सहज पैसे मिळत नाहीत.

तोवर वाचकाने रिकामी यादी पाहून थांबू नये. शब्दाची दोन-तीन रूपे, प्रत्यय काढलेला तुकडा, जुने अनुस्वार आणि रोमन लिपीतले नाव टाकून पाहावे. विषयाऐवजी लेखकाच्या आडनावाने शोध अनेकदा लवकर लागतो, कारण शीर्षकाशेजारी ते बहुधा मूळ रूपातच असते. तरीही काही आले नाही, तर वर्ष सांगून बांधीव खंड मागावा आणि शेवटची पाने उघडावीत. अनुक्रमणिका तिथे असते.