अंडरहॅमर रायफल : रचना सोपी, शिस्त कडक

नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरावयाची ती ठासणीची बंदूक. तिचा घोडा सहसा नळीच्या उजव्या बाजूस असतो. तो नळीच्या खाली, चापाच्या पुढे बसविला की त्या बंदुकीस ‘अंडरहॅमर’ म्हणतात. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात १८३० ते १८५० च्या दशकांत या रायफली लोकप्रिय होत्या. व्हरमाँटमधील विंडसरचे निकॅनोर केंडल आणि न्यू हॅम्पशायरमधील कॉर्निशचे डी. एच. हिलियर्ड हे त्यांचे नामांकित कारागीर. बाजूचा घोडा अडकून बंदूक उडाली व केंडल यांची वाग्दत्त वधू थोडक्यात बचावली, म्हणून त्यांनी घोडा खाली नेला, अशी आख्यायिका आहे.

रचनेचे फायदे

या रायफलीत हलणारे भाग मोजकेच असतात. काही नमुन्यांत घोड्याची स्प्रिंगच चापाभोवतीच्या कड्याचे काम करते. घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या तांब्याच्या टोपीची ठिणगी आखूड, सरळ मार्गाने दारूपर्यंत पोहोचते. नेम धरताना दृष्टीसमोर घोडा येत नाही आणि ठिणगी डोळ्यांपासून दूर राहते. मात्र टोपीचे तुकडे खाली व बाजूला उडतात. त्यामुळे आधाराचा हात टोपीपासून पुढे ठेवावा लागतो. चष्मा आणि कानांचे संरक्षण हवेच.

भरताना

अशा रायफलीत काळी दारू किंवा तिच्यासाठीच बनविलेला पर्यायच वापरावा. आधुनिक धूरविरहित दारूने नळी फुटू शकते. दारू थेट डब्यातून नळीत ओतू नये, कारण आत निखारा राहिला असल्यास डबाच पेटतो. ती वेगळ्या मापाने मोजून घालावी. गोळी दारूवर घट्ट टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिल्यास नळी फुटण्याचा धोका असतो. यासाठी गजावर भरलेल्या व रिकाम्या नळीच्या खुणा करून ठेवतात. टोपी सर्वांत शेवटी बसवावी. त्यासाठी रायफल उलटी किंवा आडवी करावी लागते; त्या वेळी नळीचे तोंड कोणाकडेही वळू देऊ नये.

बार न उडाल्यास नळी लक्ष्याकडेच रोखून किमान १ मिनिट थांबावे. दारू उशिरा पेटण्याची शक्यता असते.

शिकारीच्या वेळी

अमेरिकेतील अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकांसाठी हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम असतो; व्हरमाँटमध्ये तो डिसेंबरमध्ये येतो. बाजूच्या घोड्यास बहुधा अर्धवट चढवून ठेवण्याची खाच असते. कित्येक अंडरहॅमर रायफलींत ती नसते. टोपीवर घोडा टेकवून चालणे धोक्याचे, कारण खालून दगडाचा किंवा फांदीचा आघात झाला तरी बार उडू शकतो. सैल टोपी गळून पडते, म्हणून ती योग्य मापाची असावी आणि सावज टप्प्यात आल्यावरच बसवावी. कुंपण ओलांडताना किंवा मचाणावर चढताना ती काढून ठेवावी. परंतु टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, असे नव्हे. दारू आणि गोळी आतच असतात.

काळ्या दारूची राख लोखंडाला गंज चढविते. म्हणून वापराच्या दिवशीच गरम पाण्याने व साबणाने नळी धुऊन, वाळवून तेल लावावे.

भारतात शस्त्रास्त्र कायदा, १९५९ अन्वये ठासणीच्या बंदुकीसही परवाना लागतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे.