जावाचा श्रीगणेशा

मंडळी, कामाची सुरुवात कुठून करायची हा प्रश्न संगणकालाही पडतो बरं का! प्रोग्रॅम शेकडो पानांचा असला तरी पहिलं पाऊल कुठे टाकायचं हे त्याला सांगावं लागतं. जावा भाषेत ती जागा म्हणजे 'मेन' नावाची मेथड. पण तोच प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालवायचा तर गोष्ट बदलते. घर ब्राउझरचं, आपण पाहुणे. आत कधी यायचं ते यजमान ठरवणार.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली जावा जगापुढे आणली ती 'ॲपलेट' घेऊनच. ब्राउझर आधी 'इनिट' अशी हाक मारी, मग 'स्टार्ट'. वाचक पान सोडून गेला की 'स्टॉप' आणि शेवटी 'डिस्ट्रॉय'. गोम एवढीच की ॲपलेट चालायला ब्राउझरला जावाचं वेगळं प्लगइन जोडावं लागे. म्हणजे पाहुणा स्वतःची चूल बरोबर घेऊन यायचा! सुरू व्हायला वेळ लागे, सुरक्षेच्या तक्रारीही वाढत गेल्या.

मे २००६ मध्ये गूगलने 'वेब टूलकिट' आणलं. लिहायचं जावातच, पण कंपायलर त्याचं जावास्क्रिप्ट करून देई, आणि ती तर ब्राउझरची घरचीच भाषा. इथे श्रीगणेशा तीन ठिकाणी करायचा. 'एंट्रीपॉइंट' या इंटरफेसला धरून एक क्लास लिहायचा, त्यात 'ऑनमॉड्यूललोड' ही एकच मेथड. मग मॉड्यूलच्या एक्सएमएल फाइलीत त्या क्लासचं पूर्ण नाव नोंदवायचं. शेवटी एचटीएमएल पानात कंपायलरने बनवलेल्या स्क्रिप्टची एक ओळ घालायची. ती स्क्रिप्ट ब्राउझर ओळखते, त्याला साजेशी आवृत्ती मागवते आणि मग 'ऑनमॉड्यूललोड'ला हाक जाते. नाव नोंदवायचं राहिलं तर? पटावर नाव नसलेल्या मुलासारखी गत. वर्गात हजर, पण हजेरीत त्याचं नाव कुणी पुकारत नाही.

पुढे काय झालं? क्रोमने २०१५ साली आणि फायरफॉक्सने २०१७ साली जावाच्या प्लगइनला दार बंद केलं. मला वाईट वाटतं ते मास्तर लोकांचं. लंबक, लाटा, भिंगं दाखवणारी कितीतरी ॲपलेटं जगभरच्या शिक्षकांनी हौसेने केली होती. कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' प्रकल्प २००२ पासूनचा, त्याचे बरेच प्रयोग जावात होते. त्यांनी ते एचटीएमएल ५ मध्ये नव्याने लिहायला घेतले. ज्यांच्यामागे असं विद्यापीठ नव्हतं, त्यांच्या प्रयोगांना हाक मारणारंच कुणी उरलं नाही. प्रयोगात चूक काहीच नव्हती, हो.

वेब टूलकिट मात्र २००६ च्या डिसेंबरात पूर्ण मुक्तस्रोत झालं आणि २०२४ सालीही त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. यजमानाची भाषा बोलणारा पाहुणा टिकला, म्हणायचं. परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या नातेवाईक मंडळींना हे वेगळं सांगायला नकोच!