शिरगणतीच्या रकान्यातील अंदमान

अंदमान म्हटले की आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे तुरुंगातील कोलू उभा राहतो. १९११ पासून १९२१ पर्यंत सावरकर तेथे होते, हे आपल्यापैकी कोणीही सांगेल. लखनौलाही ते बेट परके नाही. काही काळ येथे न्यायखात्यात हुद्दा सांभाळलेले मौलाना फज़ल-ए-हक खैराबादी काळ्या पाण्यावर गेले आणि १८६१ साली तेथेच निवर्तले. परंतु ज्यांच्या भूमीवर ही कैद्यांची वसाहत उठली ते मूळचे बेटकर कोण, हा प्रश्न महानगरातील आमच्या मराठी बैठकीत निघाला तेव्हा सगळेच गप्प झाले. आम्हीही त्यांतलेच.

वसाहत १८५८ च्या मार्चमध्ये स्थापन झाली. त्या वेळी ग्रेट अंदमानी टोळ्यांची संख्या सुमारे पाच हजार असावी, असा एक अंदाज आहे. पुढच्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी अॅबरडीन येथे धनुष्यबाणांनिशी चाल केली. त्यांच्यांत राहून आलेला फरारी कैदी दूधनाथ तिवारी याने बेत आधीच फोडला होता. चाल फसली, तिवारीला माफी मिळाली. १८६३ मध्ये 'अंदमान होम' निघाले. हेतू सुधारणेचा होता, पण एकत्र कोंडलेल्या माणसांत रोग पसरले. १८७७ च्या गोवराने तर टोळ्याच्या टोळ्या झोपवल्या.

आणि मग शिरगणती आली. १९०१ मध्ये ६२५, १९११ मध्ये ४५५, १९२१ मध्ये २०९, १९३१ मध्ये ९०, १९५१ मध्ये २३. आम्ही कारकुनी पेशातले. रकाने भरण्यात आमची हयात चालली आहे. हा तक्ता वाचताना मात्र हात थबकतो. दर दहा वर्षांनी कोणीतरी ही बेरीज नीट जुळवून वर पाठवीत होता.

निकोबारची कथा निराळी. तेथे गावागावांत मुखिया होता. परदेशी जहाजांच्या संगतीने त्याला 'कॅप्टन' हे नाव चिकटले, आणि सरकारनेही ती व्यवस्था मोडली नाही. तेथलेच बिशप जॉन रिचर्डसन १९५२ साली राष्ट्रपतींच्या नियुक्तीने पहिल्या लोकसभेत बसले. बेटांना स्वतः प्रतिनिधी निवडण्याचा हक्क १९६७ मध्ये लाभला. २००९ च्या विनियमाने आदिवासी परिषदांना कायद्याचे रूप आले. निकोबारी लोकांची संख्या २००१ मध्ये २८,६५३ होती. मधल्या २००४ च्या सागरलाटेनंतरही २०११ मध्ये ती २७,१६८ भरली. आपल्या गावाचा कारभार आपल्याच हाती राहिलेली माणसे टिकली, ही गोष्ट आम्हांस केवळ योगायोगाची वाटत नाही. अर्थात निकोबारवर वसाहतीचा भारही कमी होता, हे मान्य केले पाहिजे.

अंदमानात मात्र बाहेरच्यांची रीघ लागली. पूर्व बंगालचे निर्वासित वसवले गेले. १९५१ ची एकूण वस्ती ३०,९७१, ती १९६१ मध्ये ६३,५४८ झाली आणि २०११ मध्ये ३,८०,५८१. १९५६ च्या विनियमाने आदिवासींच्या राखीव प्रदेशांत परक्यांस प्रवेशबंदी केली, हे चांगलेच झाले. तथापि ओंगी व जारवा यांचे हिताहित पाहणारी संस्था सरकारीच राहिली, १९७६ ची आदिम जनजाती विकास समिती. २०११ मध्ये ओंगी १०१, जारवा ३८०, ग्रेट अंदमानी ४४.

उत्तर सेंटिनेलच्या रहिवाशांपुढे त्याच वर्षी १५ हा आकडा पडला, त्याआधी ३९ होता. तेथे गणकाने पाऊल ठेवलेले नाही. समुद्रातून दुरूनच जितकी माणसे दिसली तितकी मांडली.