पदपथाचे रहिवासी

मुंबईच्या नगरपालिकेत निवडून दिलेले सभासद प्रथम बसले ते 1872 च्या कायद्याने. परंतु 64 सभासदांपैकी निम्मे निवडण्याचा अधिकार ज्यांना मिळाला, त्यांना तो शहराचे रहिवासी म्हणून नव्हे, करदाते म्हणून मिळाला. ज्याच्या नावावर मिळकत आणि ज्याच्या दारी पट्टीचे बिल, त्याचेच मत सरकारदरबारी रुजू होई. बंदरावर गोण्या वाहणारा हमाल, गिरणीतला बदली कामगार, वखारीच्या ओसरीवर पथारी टाकणारा घाटावरचा मजूर यांच्या श्रमांवाचून ती मिळकत उभी राहिली नसती, हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. पण कायद्याला माणूस दिसे तो घराच्या चौकटीतून. 1922 मध्ये हा अधिकार भाडेकरूंपर्यंत खाली उतरला, तरी चौकट सुटली नाही, कारण आता भाड्याची पावती हीच नागरिकत्वाची सनद ठरली. ती सुटली 1948 मध्ये, जेव्हा महापालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली. आणि दोन वर्षांनी संविधानाच्या 326 व्या कलमाने ते तत्त्व साऱ्या देशाला लागू केले.

त्याच 1950 सालच्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक वाक्य आहे, ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही: एखाद्या मतदारसंघात केवळ घर मालकीचे वा ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. दोन-दोन ठिकाणी वाडे असणाऱ्या संपन्नांना आवर घालण्यासाठी ते लिहिले गेले असावे, असा माझा तर्क आहे. परंतु रहिवास निराळा आणि घर निराळे, हे एकदा कायद्याने मान्य केल्यावर बेघराचा मार्ग आपोआपच मोकळा झाला. पुढे निवडणूक आयोगानेही ठरवून दिले की, बेघर अर्जदार सांगितलेल्या ठिकाणी खरोखर झोपतो काय, हे अधिकाऱ्याने एकाहून अधिक रात्री तिथे जाऊन पाहावे, आणि खात्री पटल्यास त्याच्याकडे राहण्याचा कागदी पुरावा मागू नये. मताच्या बाबतीत, निदान कागदावर, पदपथावरचा माणूस पूर्ण नागरिक झाला. उरलेल्या हक्कांची कथा मात्र वेगळ्या वाटेने गेली.

ती 1981 च्या पावसाळ्यात चव्हाट्यावर आली. 13 जुलै रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केले की, पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून ज्याच्या-त्याच्या मुलखात वा शहराबाहेर पाठवण्यात येईल. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जांतून दोन अर्जदारांचा संसार तपशिलाने दफ्तरी नोंदला गेला आहे, आणि तो मुळातून वाचण्याजोगा आहे. एक सेलम जिल्ह्यातला भूमिहीन मजूर. 1961 मध्ये तो मुंबईस आला, एका रासायनिक कंपनीत 23 रुपये रोजावर लागला, आणि पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पदपथावर प्लास्टिक व ताडपत्रीच्या आडोशासाठी त्याने तिथल्या दादाला 2,500 रुपये मोजले. दुसरा संगमनेरचा चर्मकार. गावी दिवसाला सात-आठ रुपये मिळत, राहते घर पडले, म्हणून 1969 मध्ये तो इकडे आला, महिना 350 रुपयांवर बदली कामगार झाला, आणि तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी 300 रुपये गुंडाला व 700 रुपये बांबू-प्लास्टिकला देऊन बसला. पट्टी दोघांनीही भरली होती. ती पालिकेच्या खजिन्यात जमा झाली नव्हती, एवढेच. सेलमच्या मजुराची झोपडी 23 जुलै रोजी पाडली गेली आणि बायको व तीन मुलींसह त्याला सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले, असे अर्जात नमूद आहे. बायकामुली गावी राहिल्या. तो मात्र कामाच्या शोधात परतला आणि पुन्हा पदपथावरच बसला.

पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने 10 जुलै 1985 रोजी दिला. अर्जदारांच्या बाजूने तत्पूर्वी उच्च न्यायालयात एक कबुली दिली गेली होती की, पदपथावर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही आणि 15 ऑक्टोबर 1981 नंतर पाडकामाला अडथळा करणार नाही. पालिकेने नेमके त्यावर बोट ठेवले. न्यायालयाने ते मानले नाही: मूलभूत हक्कांवर कोणीही नागरिक कबुलीजबाबाने पाणी सोडू शकत नाही. उपजीविकेचे साधन हिरावणे म्हणजे जीविताचा हक्कच हिरावणे, हे या निकालातले सूत्र सर्वांना माहीत आहे. मला त्याच्याहून ही आधीची पायरी अधिक मोलाची वाटते.

परंतु निकाल तिथेच थांबत नाही. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याचे 314 वे कलम, ज्यान्वये आयुक्त पूर्वसूचनेवाचून पदपथावरील अतिक्रमण हटवू शकतो, ते वैध ठरले. सामान्यतः सूचना द्यावीच, असे न्यायालयाने बजावले खरे, पण या प्रकरणात अर्जदारांचे म्हणणे आम्हीच ऐकून घेतले आहे, तेव्हा आयुक्तांनी पुन्हा ऐकण्याचे कारण उरत नाही, अशी पुस्ती जोडली. 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत मुदत मिळाली. आणि 1976 च्या झोपडी-गणनेत ज्यांची नोंद होती, त्यांना मालवणीत वा अन्यत्र सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी, असे ठरले.

गणनेचे ते वर्ष पुढच्या साऱ्या धोरणाचे बीज ठरले. 1985 मध्ये स्पार्क या संस्थेने पदपथावरील कुटुंबांची स्वतंत्र गणना केली, तिला नाव दिले ‘आम्ही, अदृश्य’, आणि भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रिया यातूनच संघटित झाल्या. सरकारी दफ्तरात मात्र तारखाच पुढे सरकत राहिल्या. मोफत पुनर्वसनाच्या योजनेत 1 जानेवारी 1995 ही सीमा आली, मागाहून ती 1 जानेवारी 2000 झाली, आणि त्यापुढच्या, 2011 पर्यंतच्या रहिवाशांना किंमत भरून घर घेण्याची मुभा मिळाली. पात्रता ठरवण्याचा मुख्य पुरावा कोणता, तर त्या तारखेची मतदार यादी! एके काळी घराच्या पावतीवर मत मिळत असे; आता मताच्या नोंदीवर घर मिळू लागले. तारीख उलटल्यावर आलेल्या माणसाचे नावही यादीत चढते आणि तो मतदानालाही जातो. योजनेच्या यादीत मात्र त्याच्या नावापुढे ‘अपात्र’ असा शेरा पडतो, आणि पाडकामाची गाडी आल्यावर आपले बांबू तो स्वतःच सोडवून बाजूला ठेवतो, कारण जप्त झाले तर नवे विकत घ्यावे लागतात.