गिरणगावाच्या आजारपणाचा भार कोणी वाहिला?

मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला की काम थांबायचे, हे जुने बंधन संपले. १९०५ च्या सुमारास काही गिरण्या दिवसाला चौदा तास आणि त्याहूनही जास्त चालू लागल्या. ओरड वाढली, चौकशी समिती बसली आणि तिच्यामागोमाग १९०७-०८ मध्ये फॅक्टरी लेबर कमिशन आले. मालकांची बाजू सरळ होती. कामगार अधूनमधून बाहेर जातो, चिलीम ओढतो, जेवतो, विसावा घेतो, तेव्हा लांबलेल्या दिवसाचा त्याच्या तब्येतीवर परिणाम होत नाही, असे त्यांचे म्हणणे. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर थेट कायदेशीर मर्यादा घालायला कमिशनच्या बहुसंख्य सदस्यांनीही नकार दिला. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी मात्र वेगळे मत नोंदवून अशी मर्यादा घालायलाच हवी असे म्हटले; ते स्वतः वैद्यकीय व्यवसायातले होते. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. या सगळ्या वादात प्रश्न एकच होता : साच्यावर उभा असलेला माणूस धडधाकट आहे की नाही? माझ्या मते तो प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जात होता. साच्यावर उभा असलेला माणूस धडधाकट दिसणारच, कारण ज्याची तब्येत ढासळली तो साच्यावर उरतच नव्हता. परळ-लालबागच्या गिरण्यांनी माणसाची ऐन उमेदीची वर्षे वापरली आणि त्याचे आजारपण, बाळंतपण व म्हातारपण कोकणात आणि घाटावर पाठवून दिले. गावाने उचललेला हा वाटा मांडल्याशिवाय मुंबईच्या कष्टकऱ्यांच्या आरोग्याचा इतिहास पुरा होत नाही.

हे घडत होते ते गिरणीच्या रोजच्या व्यवहारातून. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईतील दर शंभर माणसांपैकी ऐंशीहून अधिक शहराबाहेर जन्मलेली होती. गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसे सर्वांत जास्त, त्यांच्या जोडीला साताऱ्याकडची आणि घाटावरची. बायकामुले बहुधा गावी, पुरुष गाववाल्यांच्या गाळ्यात आणि जेवण खानावळीत. पहाटे भोंगा वाजला की कायम कामगारांबरोबर बदलीवालेही दाराशी उभे राहत. कोणाचा खाडा झाला आहे ते पाहून जॉबर, म्हणजे माणसे कामाला लावणारा मुकादम, त्यांच्यातून माणसे उचलत असे. ओळख, गाववाला, दस्तुरी यांचा या निवडीत हात होता, पण अंगात ताकद नसलेल्याला तिथे थारा नव्हता. तापाने आठ दिवस पडलेल्या माणसाची जागा नवव्या दिवशी त्याची राहीलच, याची हमी कोणी देत नव्हते. मग दोनच वाटा उरत. ताप अंगावर काढून कामाला जायचे, नाहीतर बोटीने कोकणात उतरायचे. गावी तुकडाभर जमीन असे, आई किंवा बायको असे, भाताची पेज मिळे. बरा झाला तर तो परत येई आणि पुन्हा बदलीच्या रांगेत उभा राही. बरा झाला नाही तर गिरणीच्या दृष्टीने तो फक्त काम सोडून गेलेला एक माणूस होता. हजेरीपटावरून नाव उडाले, पण का उडाले याची नोंद कुठेच झाली नाही.

काम शरीराला काय करत होते, हेही नीट पाहिले पाहिजे. ब्लोरूममध्ये कापसाच्या गाठी फोडल्या जात, कार्डिंगमध्ये तंतू विंचरले जात. दोन्ही खात्यांत हवेत कापसाची धूळ तरंगत असे आणि केसांवर, भुवयांवर पांढरा थर बसे. विणखात्यात उलट त्रास होता. कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवत आणि त्या उकाड्यात साच्यांच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात दिवस काढावा लागे. धोट्याच्या भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून घेण्याची पद्धत होती. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत, त्यामुळे क्षयासारखा आजार पसरण्याची भीती असे. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार म्हणजे बिसिनोसिस. त्याची सुरुवात फसवी असते. सुटीच्या दिवसानंतर कामावर परतले की सोमवारी छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा पुढे सरकतो तसे बरे वाटू लागते. वर्षे जातात तशी ही धाप कायमची होते आणि मग तो साधा दमा की कापसाची देणगी, हे ओळखणेही कठीण जाते. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून हा फरक तपासला. तो अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे मुंबईत कापड गिरण्या सुरू होऊन सव्वाशे वर्षे उलटल्यावर. अशा आजारात पाठपुराव्याला महत्त्व आहे. एका दिवशी खात्यात जाऊन छात्या तपासल्या, तर टिकून राहिलेल्यांच्याच छात्या तपासल्या जातात.

घर आणि ताट यांची कथा याहून वेगळी नाही. १९२० च्या दशकातील पाहण्यांनुसार मुंबईतील ९७ टक्के कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. तिच्या अहवालात एक तुलना आहे. दुष्काळ संहितेने ठरवलेल्या कमाल धान्याइतके धान्य कामगार खातो, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीने कैद्याला दिलेल्या आहारापेक्षा ते कमी आहे, असे तो अहवाल सांगतो. घाम गाळून मजुरी मिळवणारा माणूस धान्याच्या बाबतीत कैद्याच्या मागे होता, आणि हे एखाद्या चळवळीच्या पत्रकाने नव्हे, सरकारी अहवालाने लिहून ठेवले आहे. याच काळातला बालमृत्यूचा आकडा मात्र जपून वाचावा लागतो. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ बालमृत्यू नोंदले गेले. हा आकडा वस्तुस्थितीपेक्षा फुगलेला आहे, कारण अनेक बायका बाळंतपणासाठी गावी जात. मुलाचा जन्म गावात नोंदला जाई किंवा नोंदलाच जात नसे, आणि मूल मुंबईत दगावले की मृत्यू शहराच्या खात्यात पडे. माझ्या मांडणीविरुद्ध हा पुरावा म्हणून दाखवता येईल, कारण इथे गावामुळे शहर आहे त्यापेक्षा वाईट दिसते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष तोच आहे. हजेरीपटाने शहर निरोगी दाखवले, मृत्युनोंदीने अधिक रोगट दाखवले. गाव वगळून केलेली मोजणी दोन्हीकडे चुकते.

बायकांच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. १९२०च्या दशकाच्या आरंभी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी मुंबईच्या कामकरी स्त्रियांची पाहणी केली. आई कामावर असताना मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल किती सर्रास होती, हे त्यांनी नोंदवले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याने देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. विधिमंडळात त्याचे समर्थन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या खर्चाचा भार निदान काही अंशी मालकाने उचलणे न्याय्य आहे अशी भूमिका घेतली. ते स्वतः परळच्या चाळीत राहत होते. बाळंतपणाची किंमत प्रथमच गिरणीच्या खात्यावर आली. पुढच्या दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. त्याला रात्रपाळी आणि यंत्रसुधारणा हीही कारणे होती, पण खर्च अंगावर येताच ज्यांच्यामुळे तो येतो त्यांनाच कमी करण्याचा मार्ग मालकांनी पत्करला, हेही विसरता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की गिरणगाव रोगट नव्हतेच. तिथे गल्लोगल्ली तालमी होत्या, कबड्डीचे संघ होते, गणपतीत लेझीम रंगे. हे खरे आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा असेच आहे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळमध्ये दवाखाने आणि व्यायामशाळा चालवल्या, पुढे कामगार कल्याण केंद्रांनी मैदाने दिली. पण तालमीत जाणारा पोरगा विशीतला असतो. चाळिशीनंतर त्याच्या छातीचे काय झाले, हे आखाडा सांगत नाही. दुसरा आक्षेप रुग्णालयांचा. परळमध्ये १९२६ मध्ये के. ई. एम. आणि वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले, शिवडीत क्षयाचे रुग्णालय झाले, परळच्याच जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा त्याआधीच आली होती. या संस्थांनी असंख्य जीव वाचवले. मात्र रुग्णालय आजारावर उपचार करते. आजाराच्या काळात बुडणारी मजुरी आणि जाणारी जागा ते परत देऊ शकत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : गिरणी नसती तर कोकणातली तीच माणसे उपाशी मेली असती. मनीऑर्डरीवर किती चुली पेटत होत्या हे जाणणारा कोणीही तो झटकून टाकणार नाही. पण मनीऑर्डरीतून गावाला मिळाले ते मोजायचे, तर त्या माणसाला लहानाचे मोठे करायला आणि तो खोकत परत आल्यावर सांभाळायला गावाने जे वेचले तेही मोजले पाहिजे.

ही मागणी आजच्या शहाणपणातून जुन्या काळावर लादलेली नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. रविवारची सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती या त्यातल्या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी, ही मागणीही त्याच कागदावर होती. रविवारची सुटी १० जून १८९० रोजी पदरात पडली. अपघाताच्या भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडले. आजारपणाच्या विम्यासाठी बी. पी. आदारकर यांनी १९४४ मध्ये योजना मांडली, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि मुंबईत ती योजना १९५४ मध्ये सुरू झाली. आजारी कामगाराला पगाराचा काही भाग हक्काने मिळू लागला. लोखंड्यांच्या निवेदनानंतर सत्तर वर्षांनी आजारपणाचा भार गावाकडून उद्योगाकडे सरकला.

पण हा हक्क माणसाला नव्हे, त्याच्या नोकरीला जोडलेला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, आणि लाखाच्या वर कामगार गिरणीत परतले नाहीत. पगाराबरोबर विम्याचे संरक्षणही गेले. कापसाच्या धुळीचा आजार नेमका उतारवयात बळावतो आणि कायद्याने तो व्यवसायजन्य आजार मानला आहे; पण बंद पडलेल्या गिरणीत आपण कोणत्या खात्यात किती वर्षे होतो हे सिद्ध करणे त्या माणसावरच येऊन पडले. अनेकांनी पुन्हा गावची वाट धरली. आज त्याच जागांवर उभ्या असलेल्या इमारतींत कंत्राटी रखवालदार, सफाई कामगार आणि घरपोच सामान पोचवणारी मुले राबतात. त्यांची गावे मराठवाड्यात, उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये आहेत, पण कंत्राट संपल्यावर आजारपण घेऊन परतायची वाट तीच आहे. देशातल्या कमावत्या वयाच्या लोकांची तब्येत कशी आहे, हे कामावर हजर असलेल्यांना मोजून कळणार नाही. ज्यांचे काम सुटले त्यांचे पुढे काय झाले, हे विचारावे लागेल. विम्याचा हक्क आणि कामाच्या जागेची नोंद या दोन्ही गोष्टी माणसाबरोबर गावापर्यंत गेल्या पाहिजेत आणि कारखाना बंद पडल्यावरही त्याच्या नावावर राहिल्या पाहिजेत. गिरणगावाच्या सव्वाशे वर्षांच्या अनुभवातून एवढा एक धडा घेतला, तरी तिथे झिजलेल्या शरीरांचे ऋण काही अंशी फेडल्यासारखे होईल.