टर्कीचा नर आणि थांबणारा शिकारी

कोंबडी खुडूक बसली म्हणजे घरातली म्हातारी माणसं पोरांना तिच्या डालीजवळ फिरकू देत नाहीत. उबवणाऱ्या मादीला त्रास द्यायचा नाही, ही साधी रीत. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना हीच रीत कायद्याने शिकावी लागली; पण तोवर टर्की हा रानपक्षी अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता.

टर्की मूळचा उत्तर अमेरिकेचा. त्याचा पाळीव भाऊबंद आपल्या देशात गोव्याच्या वाटेने आल्याची नोंद आहे. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी नवलाच्या चिजा आणल्या, त्यांत हा पक्षी होता. त्याच्या मानेचे रंग घडीघडीला पालटताना पाहून बादशहा चकित झाला, आणि चित्रकार मन्सूरने त्याचे चित्र काढले. आज आपण बोलणार आहोत ते मात्र अमेरिकेच्या रानातल्या टर्कीविषयी.

हा पक्षी रात्री झाडावर बसतो. वसंत ऋतूत पहाटे नर तिथूनच घोगऱ्या, गडगडत्या आवाजात साद घालतो. मग खाली उतरून मोरासारखा पिसारा फुलवून उभा राहतो. निसर्गाचा रिवाज असा, की नराने साद घालायची आणि माद्यांनी त्याच्याकडे जायचे. शिकारी हा रिवाज उलटा करतो. झाडाच्या बुंध्याशी दडून तो मादीचा आवाज काढतो आणि नराला आपल्याकडे बोलावतो. तिथले मूळ रहिवासी यासाठी टर्कीच्याच पंखाच्या हाडाची पिपाणी करीत. पुढे १८९७ साली आर्कान्सा राज्यातल्या हेन्री गिब्सन याने लाकडी पेटीचे पेटंट घेतले. पेटीच्या कडेवर झाकण घासले, की हुबेहूब मादी बोलते!

पण नराभोवती आधीच माद्या असल्या तर? जवळच्या चार सोडून न दिसणाऱ्या पाचवीकडे तो कशाला जाईल? एखादे वेळी तो उत्तर देतो, पण पाय उचलत नाही. माद्या जातील तिकडे तो त्यांच्या मागून चालतो. अशा वेळी जाणता शिकारी नराचा नाद सोडतो आणि घोळक्यातल्या म्होरक्या मादीला डिवचतो. ती ओरडली की हाही तसाच ओरडतो. ती चिडून भांडायला आली, तर तिच्यामागून नर येतो.

दुसरा उपाय म्हणजे थांबणे. मादी दिवसाला साधारण एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते. घरटे जमिनीवर, गवतात दडलेले. अंडे घालायला ती बहुधा पहाटेनंतर घोळक्यातून हळूच निघून जाते. एकेक करून माद्या गेल्या, की नर एकटा पडतो. पहाटे न आलेला नर उन्हे वर आल्यावर येतो. शेवटचे अंडे झाले, की मादी सुमारे २८ दिवस उबवायला बसते. नराचा त्यात काही वाटा नसतो.

एकोणिसाव्या शतकात मात्र थांबायला कोणी तयार नव्हते. जंगले तुटत होती, बाजारात मांसाला गिऱ्हाईक होते. नर की मादी, हंगाम कुठला, हे कोण पाहतो! ओंडक्यांचे खुराडे करून त्यात खालून चर खणीत आणि मक्याचे दाणे टाकीत. पक्षी मान खाली घालून दाणे टिपत आत शिरे; मग मान वर करून वाट शोधत बसे, पायाजवळच्या चराकडे त्याचे लक्षच जात नसे. असा थवाच्या थवा सापडे. मॅसॅच्युसेट्स राज्यात १८५१ नंतर रानटर्की दिसेनासा झाला.

मिसुरी राज्याने १९३७ साली शिकार बंद केली. त्याच वर्षी देशभरासाठी कायदा होऊन बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखला गेला. मिसुरीत १९२५ ते १९४३ या काळात पिंजऱ्यात वाढवलेले सुमारे १४,००० पक्षी सोडले होते, पण ते तगले नाहीत. आईने रान शिकवलेच नव्हते, मग कोल्ह्या-घुबडापासून जपायचे कसे? १९५१ साली दक्षिण कॅरोलिनात लहान तोफांनी उडवायच्या जाळ्याने रानातले पक्षी जिवंत धरण्यात यश आले. असे पक्षी नव्या रानात नेले, ते टिकले.

१९६० साली मिसुरीत वसंतातली शिकार फक्त तीन दिवस उघडली. ९४ पक्षी मिळाले. २००४ च्या वसंतात हाच आकडा ६०,००० च्या वर गेला. या हंगामाचे मर्म एवढेच, की रोख नरांवर ठेवायचा, आणि बऱ्याच माद्या अंड्यांना लागल्यावर शिकार उघडायची. एक नर अनेक माद्यांना पुरतो. मिलन झाल्यावर काही नर गेले तरी वंश चालतो.

तरीही प्रश्न संपलेला नाही. अलीकडे काही राज्यांत टर्की पुन्हा घटू लागले आहेत. माद्यांसोबतचे जोरकस नर फार लवकर मारले जातात, असे काही अभ्यासकांना वाटते. काहीजण बदललेल्या रानाकडे आणि अंडी खाणाऱ्या जनावरांकडे बोट दाखवतात. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला.

गुरुजनांनी वर्गात मुलांना एक हिशेब घालावा: अंडी घालण्यापूर्वी एक मादी मेली, तर रानातून किती पक्षी गेले? एक असे उत्तर आले, तर पुन्हा मोजायला सांगावे.